स्त्रीचें चित्र कसें पाहावें?

उंब्रजेवरून जाणारा हमरस्ता दक्षिणेकडे कोल्हापुरास जातो. त्या शहरीं १८६७ सालीं महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म झाला. १८९० मध्यें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढें तेथेंच शिक्षक झाले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकास त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असें नांव दिलें, तें याच हिशेबानें. पौराणिक व ऐतिहासिक चित्रें त्यांनीं पुष्कळ काढलीं; आज आम्हांस लिहावयाचें आहे तें त्यांनीं रंगविलेल्या स्त्रियांविषयीं.

ऑटो रॉथफेल्ड नांवाच्या सनदी अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया' या ग्रंथासाठीं, १९२० च्या सुमारास, धुरंधरांनीं प्रांतोप्रांतींच्या स्त्रिया रंगविल्या. लुगडें कसें नेसलें आहे, पदर कसा घेतला आहे, अंगावर दागिने कोणते, उभें राहण्याची ढब कशी, हें सारें त्यांनीं बारकाईनें टिपलें. वेषभूषेच्या अभ्यासकास हीं चित्रें आजही साधन म्हणून उपयोगीं पडतात. चित्र पाहण्याचा पहिला धडा हाच: चेहऱ्यावर थांबूं नये, वस्त्र, हात आणि पाय यांकडेही पाहावें.

परंतु या चित्रांखालीं काय लिहिलें आहे? कोठें जात, कोठें प्रांत, कोठें धंदा. त्या बाईचें स्वतःचें नांव बहुधा नाहीं. चित्रकारापुढें एक जिवंत व्यक्ति उभी होती. ग्रंथांत ती एका वर्गाचा नमुना होऊन बसली.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशांतील नव्हे. स्पेन देशांत व्हेलास्केस नांवाचा थोर चित्रकार १५९९ सालीं जन्मला. माद्रिद येथील त्याच्या १६५६ च्या प्रसिद्ध चित्रांत पांच वर्षांची राजकन्या मार्गारीता आहे. तिच्यापुढें तांबड्या मातीचें पात्र करणारी दासी मारिया आगुस्तीना सार्मिएन्तो ही होय. दरबार म्हणून दासीचेंही नांव राहिलें! त्याच चित्रकारानें १६१८ सालीं, वय वीसही नसतांना, अंडीं तळणारी एक म्हातारी रंगविली. तें चित्र आज एडिंबरो येथें आहे. डोक्यावर पांढरें वस्त्र, एका हातांत लांकडी चमचा, दुसऱ्या हातांत अंडें. मातीच्या भांड्यांत अंड्यांचा पांढरा भाग आळूं लागला आहे. राजकन्येच्या रेशमावर जितकें लक्ष, तितकेंच या म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातावर. मात्र तिचें नांव चित्रासोबत आलेलें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. किती घरांत भिंतीवर पणजोबांचें छायाचित्र आहे आणि पणजीचें नाहीं? तिचें माहेरचें नांव किती जणांस ठाऊक आहे? लग्नांत नांव बदलण्याच्या चालीमुळें तिचें पहिलें नांव तिच्याबरोबरच निघून जातें. कृष्णा-तारळीच्या संगमावर जन्मभर पाणी भरलेल्या कित्येक बायांची आठवण अशीच पुसली गेली आहे.

सवड मिळेल तेव्हां पालकांनीं मुलांस आपल्याच जिल्ह्यांतील औंध येथें न्यावें. बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयांत राजा रविवर्मा, धुरंधर आदि चित्रकारांचीं मूळ चित्रें पाहावयास मिळतात. छापील चित्रांत जें हरपतें, तें तेथें दिसतें.

आणि घरीं परतल्यावर प्रत्येकानें एक काम करावें. आजी जात्याशीं, चुलीशीं किंवा गोधडी शिवत बसली असेल, तेव्हां तिचें चित्र काढावें. हात चुकला तरी चालेल. परंतु चित्राखालीं तिचें माहेरचें नांव, सासरचें नांव, गांव आणि साल हीं सुवाच्य अक्षरांत लिहावीं. हीं विचारावयास तिच्याजवळ बसावें लागेल. आणि तेवढें बसणें झालें, तर चित्र कसें पाहावें हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.