दुधाचे भांडे आणि बालकाचे यकृत

यकृत कोठे असते असे विचारले असता वर्गातील निम्मे हात छातीच्या डाव्या बाजूस जातात, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे. या घोटाळ्याचा थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. खाटकाच्या दुकानी ज्यास काळीज म्हणतात ते यकृत होय. परंतु दुःखाने जे काळीज फाटते, ते आपण हृदयच समजतो. खरे यकृत उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असते. प्रौढ मनुष्यात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त प्रथम या अवयवातून जाते, आणि शरीरास नको असलेले पुष्कळसे पदार्थ तेथेच वेगळे काढले जातात.

यकृतास इजा झाली तर ते बऱ्याच अंशी पुन्हा वाढून येते. परंतु तीच इजा वारंवार होत राहिली, तर निरोगी पेशींच्या जागी व्रणासारखे तंतू माजतात व मऊ यकृत कठीण आणि गाठाळ होते. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी 1819 साली या विकारास 'सिरोसिस' हे नाव दिले; अशा यकृताच्या पिवळसर रंगावरून ग्रीक भाषेतील हा शब्द त्यांनी योजला. तंतूंच्या दाटीतून रक्तास वाट मिळेनाशी झाली की ते मागे तुंबते. प्लीहा वाढते, पोटात पाणी साचून जलोदर होतो, अन्ननलिकेतील शिरा फुगतात, आणि त्यांतील एखादी फुटली तर रोग्यास रक्ताची उलटी होते. शेवटी रक्तातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून रोगी भ्रमिष्ट होतो व गुंगीत जातो.

हा रोग मद्यप्यांचा, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ब आणि क जातीच्या काविळीचे विषाणू, तसेच यकृतात साचलेली चरबी यांमुळेही तो होतो. मग ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, तेथील दीड-दोन वर्षांच्या बालकास तो व्हावा, हे कसे?

असे आपल्या देशात खरोखर होत होते. 1887 साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी या बालरोगाचे वर्णन केले. आपल्याकडे लोक त्यास नुसते 'लिव्हर' म्हणत. 'मुलाला लिव्हर झाले' एवढे शब्द कानी पडले की घरात रडारड सुरू होई. मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत हातास दगडासारखे लागे, पुढे कावीळ दिसे, आणि बहुतेक मुले थोड्याच काळात दगावत. एकाच घरातील दोन-दोन भावंडे जात. कोणी दृष्ट लागली म्हणे, कोणी आईच्या दुधास बोल लावी. त्या मातेचे दुःख काय असेल, याची कल्पनाही आम्हांस करवत नाही. विलक्षण गोष्ट ही की रोग सर्वांत दरिद्री घरांत फारसा नसे. खाऊनपिऊन सुखी अशा ग्रामीण कुटुंबांत तो अधिक आढळे.

1978 साली लंडनच्या वैद्यांनी अशा बालकांच्या यकृताचे सूक्ष्म काप विशिष्ट रंगाने रंगवून पाहिले. पेशींत गडद कण दिसले. ते तांब्याचे निदर्शक होते. पुढील वर्षी पुण्याचे डॉ. आनंद पंडित यांच्या सहकार्याने प्रत्यक्ष मोजमाप झाले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला साधारण 50 मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते हजाराच्याही वर गेलेले आढळे.

हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी याचे उत्तर शोधण्यासाठी मातांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. बाळास वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापविले? कशात ठेवले? आजारी मुलांची उत्तरे निरोगी मुलांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. 1983 व 1987 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून जे दिसले ते असे की, आजारी मुलांना फार लवकर गाईम्हशीचे दूध सुरू झालेले होते, आणि ते बहुधा पितळेच्या अथवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले वा ठेवलेले होते.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. पाणी त्यातील तांबे अल्पच ओढते. दूध मात्र पुष्कळ ओढते, कारण दुधातील केसीन या प्रथिनास तांबे चिकटून बसते. तान्ह्या बाळाच्या यकृतात तांबे जन्मतःच अधिक असते, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. आईच्या दुधात तांबे थोडे असते, हे येथे ध्यानी घ्यावे. गरिबाघरचे मूल आईच्याच दुधावर वाढे. संपन्न घरी मात्र चकाकत्या चरवीतले दूध कौतुकाने पाजले जाई.

तथापि त्याच भांड्यातील दूध पिणारी बहुसंख्य मुले निरोगी राहत. म्हणून आनुवंशिक दुर्बलताही कारणीभूत असावी, असे पुष्कळ संशोधक मानतात, आणि तांब्यावर किती भार द्यावा याविषयी त्यांच्यात मतभेदही झाले. आम्हांस ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताचा दाखला फार महत्त्वाचा वाटतो. तेथे 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच रोगाने मेल्याचे 1996 साली प्रसिद्ध झाले. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवीत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला.

पुण्याच्या वैद्यांनी रोग्यांना पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषधही देऊन पाहिले. फार उशीर झालेला नसेल तर काही मुले वाचत, आणि त्यांतील कित्येक पुढे निरोगी वाढल्याचे 1996 साली नमूद झाले. पण औषधापेक्षा मोठे काम स्टीलच्या पातेल्याने केले. घरोघरी ते आले, आणि आज हा रोग क्वचितच दिसतो.

आमच्या रावेरातही जुन्या घरांच्या माळ्यावर आजीच्या रुखवतातील पितळी गंज व चरव्या पडून आहेत. अलीकडे तांब्यापितळेची आवड पुन्हा वाढली असून ही भांडी घासूनपुसून खाली येऊ लागली आहेत. पूर्वी कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन दारी येई, व त्या कथलाच्या लेपामुळे दूध पितळेस थेट लागत नसे. परंतु लेप झिजे, आणि पुढची कल्हई राहून जाई. आता तो कारागीर सहसा दिसतही नाही. तेव्हा ही भांडी शोभेस खुशाल मांडावीत. बाळाचे दूध मात्र त्यांत तापवू नये व ठेवूही नये; ताक, चिंच यांसारखे आंबट पदार्थही कल्हईवाचून त्यांत घालू नयेत.