धबधब्याला स्वतःचं नाव असतं

अलंकार शिकताना आपण उपमेय, उपमान आणि साधारण धर्म ही नावं पाठ करतो. परीक्षेपुरती ती लक्षातही राहतात. मला ती खऱ्या अर्थानं कळली गोकाकच्या धबधब्यावर. म्हणून यावेळचा अभ्यासलेख पुस्तकातून न घेता पाण्यातून घेतेय.

गोकाक आपल्या उद्यमबागपासून साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर. लहानपणी ‘गोकाक म्हणजे अगदी नायगारासारखा’ हेच ऐकलेलं. मग एकदा एप्रिलमध्ये आम्ही सगळे गेलो. समोर काळा-तांबूस उघडा कडा, आणि एका कोपऱ्यातून बारीक धार. पप्पा म्हणाले, “हे काय ओ, नुसता दगड की!” परत येताना करदंट घेतला, तेवढाच गोडवा. फसल्यासारखं वाटलं, पण फसवलं होतं उपमानानं. नदीचा त्यात काही दोष नव्हता.

आता साधारण धर्म तपासू. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, नायगाराची उंचीही जवळपास तेवढीच. दोन्हीकडे कड्याला घोड्याच्या नालेसारखा बाक आहे. म्हणजे उपमा अगदीच पोकळ नाही. पण नायगाराच्या मागं मोठमोठी सरोवरं आहेत, म्हणून तिथं पाणी बारमाही. घटप्रभा सह्याद्रीच्या पावसावर जगते. शिवाय धबधब्याच्या वर हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे, तिथून पाणी कालव्यांनी शेतांकडे जातं. एप्रिलमध्ये आम्हाला जे पाणी दिसलं नाही, ते कुणाच्या तरी शिवारात होतं. हे ‘नायगारा’ या शब्दात कुठंच मावत नाही.

पुढं ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेले. गढूळ, मातकट पाणी कडा भरून कोसळत होतं. झुलत्या पुलाजवळ आवाज छातीत जाणवत होता. वालुकाश्माचा कडक कडा झीज सोसत उभा आहे, म्हणून तर नदीला तिथं उडी मारावी लागते. याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं सूतगिरणी चालली. उद्यमबागेत यंत्रांच्या आवाजात वाढलेल्या मला हा धबधबा तेव्हा एकदम घरचा वाटला.

नाव देण्याचा प्रश्न आणखी दूर, आफ्रिकेतही भेटतो. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदी सुमारे 1700 मीटर रुंदीनं, 108 मीटर खोल भेगेत कोसळते. भेग अरुंद असल्यामुळे तुषार उसळून शेकडो मीटर वर जातात आणि लांबून धुरासारखे दिसतात. पौर्णिमेच्या रात्री त्यांत चांद्रधनुष्यही दिसतं. समोरच्या काठावर त्याच ओलाव्यावर सदाहरित रान वाढलंय. खालच्या नागमोडी घळी म्हणजे धबधब्याच्या जुन्या जागा. बेसाल्ट झिजवत तो हजारो वर्षं मागं सरकत आलाय.

तिथले लोक त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणत, म्हणजे ‘गर्जणारा धूर’. 1855 मध्ये मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टननं तो पाहिला आणि आपल्या राणीचं नाव दिलं: व्हिक्टोरिया. मी स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे मिशनऱ्यांनी केलेल्या शिक्षणाच्या, भाषांच्या कामाचं मला मोल आहे. तरीही ही दोन नावं शेजारी ठेवली, की पहिल्यात धबधबा दिसतो आणि दुसऱ्यात राणी. 1989 मध्ये जागतिक वारसा यादीत तो आला, तेव्हा दोन्ही नावं लिहिली गेली. हे बरं झालं.

उपमा वाईट नाही. न पाहिलेल्या माणसाला ती उंबऱ्यापर्यंत आणून सोडते, आत मात्र आपल्यालाच जावं लागतं.

मित्रमैत्रिणींनो, एक छोटा स्वाध्याय. या पावसाळ्यात गोकाकला जा. कठड्याच्या आत उभे राहा, निसरड्या दगडांवर सेल्फीसाठी उतरू नका. परत आल्यावर पाच वाक्यं लिहा, पण त्यांत ‘सारखा’, ‘जणू’ आणि ‘नायगारा’ हे तीन शब्द नकोत. मी लिहून बघितलंय. दोन वाक्यांवरच अडले होते, म्हणून पुन्हा जाणार आहे.