स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी आधारगट : बैठकांची आखणी

आयुर्मान वाढले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि वाढत्या वयाबरोबर येणाऱ्या विकारांचा भारही कुटुंबावर पडू लागला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. या रुग्णांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते आणि ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात शुश्रूषा करणाऱ्या आप्तासाठी मराठीत ‘शुभंकर’ हा अर्थपूर्ण शब्द रूढ झाला आहे. या शुभंकराची व्यथा सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नुकत्याच जेवून उठलेल्या सासूबाई शेजारणीला सांगतात, “सून मला जेवायला घालीत नाही.” सांगणाऱ्याला जेवल्याचे खरोखरच स्मरण नसते आणि ऐकणाऱ्याला आजाराची कल्पना नसते. दोष मात्र सुनेच्या माथी येतो. त्यात रात्रीचे जागरण, तोच प्रश्न वीस वेळा, त्यावर होणारी चिडचीड आणि चिडल्याबद्दल मनाला लागलेली टोचणी. अशा वेळी तेच सोसलेल्या माणसांशी मोकळेपणाने बोलता येणे, हा मोठा आधार ठरतो.

गोव्यातील प्रयोग

या आधाराचा परिणाम मोजून पाहण्यात आला आहे. गोव्यात दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरोघरी जाऊन आजाराची माहिती दिली, दैनंदिन अडचणींत सल्ला दिला आणि कुटुंबांची परस्परांशी गाठ घालून दिली. रुग्णांच्या वर्तनातील बिघाड लक्षणीय प्रमाणात कमी झाला नाही. शुभंकरांचे मानसिक आरोग्य मात्र निश्चित सुधारले. आजार मागे हटला नाही, तरी त्याचे ओझे हलके करता येते आणि त्यासाठी तज्ज्ञांची फौज लागत नाही, हाच या प्रयोगाचा बोध आहे.

पहिला प्रश्न : रुग्णाजवळ कोण बसणार?

बैठकीची आखणी करताना विषय आणि वक्ता यांचा विचार सर्वप्रथम केला जातो. वस्तुतः पहिला प्रश्न वेगळाच आहे. शुभंकर बैठकीस आल्यावर घरी रुग्णाजवळ कोण थांबणार? ज्या स्त्रीला बैठकीची सर्वाधिक गरज असते, तिलाच घर सोडता येत नाही. हा प्रश्न सोडविला नाही, तर खुर्च्या भरतात, पण गरजू बाहेरच राहतात.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. बैठकीच्या जागी शेजारची खोली रुग्णांसाठी राखून तेथे भजने, जुनी गाणी, धान्य निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशा ओळखीच्या कामांत त्यांना रमवावे व दोन स्वयंसेवक सोबत ठेवावेत. अथवा महिला मंडळ वा ज्येष्ठ नागरिक संघातील परिचित व्यक्तीने तेवढा वेळ रुग्णाच्या घरी बसावे. ही व्यक्ती आधी एकदोनदा घरी येऊन गेलेली असावी.

जागा, वेळ आणि स्वरूप

ग्रामपंचायतीचे सभागृह, शाळेची खोली, प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी कोणतीही शांत व तळमजल्यावरील जागा चालेल. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ सोयीची असते. संध्याकाळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. आठ ते बारा सदस्य पुरेत. त्याहून अधिक झाले, तर अबोल माणूस अबोलच राहतो.

नव्वद मिनिटांपैकी दहा मिनिटे स्वागत व परिचयासाठी, वीस मिनिटे एका विषयाच्या माहितीसाठी, पंचेचाळीस मिनिटे अनुभवकथनासाठी आणि शेवटची पंधरा मिनिटे घरी करून पाहावयाची एक गोष्ट ठरविण्यासाठी ठेवावीत. बैठक गोल करून भरवावी. व्यासपीठ, हारतुरे व लांबलचक भाषणे टाळावीत.

सहा बैठकांचे विषय

१. आजाराची ओळख : हे वेड नव्हे आणि केवळ म्हातारपणही नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉईडचे विकार, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते व त्यावर उपचार होऊ शकतात. म्हणून तपासणी आवश्यक.

२. वर्तनातील बदल : वाद न घालता विषय कसा पालटावा, आंघोळीस नकार दिल्यास काय करावे.

३. घरातील सुरक्षितता : गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवणे, ओली फरशी टाळणे, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी.

४. आहार व परिचर्या : गिळताना लागणारा ठसका, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी पालटणे.

५. आर्थिक व कायदेशीर बाबी : भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज नष्ट झाल्यावर टिकत नाही. त्यामुळे मृत्युपत्र, निवृत्तिवेतन व बँक खात्यांची व्यवस्था आजाराच्या आरंभीच, रुग्णाच्या इच्छेनुसार करावी.

६. शुभंकराचे स्वतःचे आरोग्य : झोप, विश्रांती, भावंडांत कामाची वाटणी आणि माणूस समोर असूनही हरवत चालल्याचे दुःख.

संयोजकाची जबाबदारी

समाजसेवक, परिचारिका, आशा सेविका किंवा या अनुभवातून गेलेला आप्त हे काम करू शकतो. त्याने कमी बोलावे, अधिक ऐकावे. बैठकीतील गोष्ट बाहेर जाणार नाही, हा नियम प्रत्येक वेळी सांगावा. लहान गावात त्यावाचून कोणी तोंड उघडणार नाही. औषधांचे सल्ले परस्परांना देऊ नयेत. एखादा सदस्य “आता सहन होत नाही” असे म्हणत असेल किंवा हात उगारल्याचे सांगत असेल, तर त्याला सर्वांसमोर दोष न देता बैठकीनंतर स्वतंत्र भेटावे व तज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस सेवा (१४४१६) आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन (१४५६७) हे क्रमांक प्रत्येकाला लिहून द्यावेत.

हजेरीपटावरील आकड्यांवरून बैठकीचे यश जोखू नये. दर तीन महिन्यांनी सदस्यांना तीनच प्रश्न विचारावेत : झोप मिळते का? मदतीला हाक मारता येईल असे कोणी आहे का? मागील बैठकीत ठरलेली गोष्ट जमली का? जो सदस्य दोनदा आला नाही, त्याच्या घरी अवश्य जावे. बैठकीतील रिकामी खुर्ची बहुधा अनास्थेची नसते. घरातला भार वाढल्याची ती खूण असते.