आधी उगवेल त्याचं रान

परभणीकडच्या काळ्या रानात मी खरिपाची ज्वारी करतो, मधे तुरीच्या ओळी. तणानं शिकवलेल्या सात गोष्टी, फी भरून शिकलेल्या.

१. पहिल्या पावसाला भुलू नये.
मृगाची सर आली की हात शिवशिवतात. पण त्याच सरीनं मातीतलं तणही जागं होतं. आता मी रानावर हिरवी साय धरेपर्यंत आठेक दिवस थांबतो, वाफसा पाहून वखराची पाळी देतो आणि मग पेरतो. पाळी उथळच, खोल गेली तर खालचं बी वर येतं. थांबण्यालाही हद्द आहे. पेरणी जुलैत फार लांबली की खोडमाशी पोंगे वाळवते.

२. तण किती, यापेक्षा कधी.
एका वर्षी मजूर मिळाले नाहीत. अर्धं रान विसाव्या दिवशी खुरपलं, उरलेल्याला झडीमुळे चाळिसावा दिवस उजाडला. शेवटी दोन्हीकडचं रान सारखंच स्वच्छ दिसत होतं. पण उशिराच्या अर्ध्यात ताटं सुतळीसारखी, पानं पिवळी, कणसं चिमुकली. ज्वारी पहिले तीन आठवडे सावकाश वाढते. बरोबरीनं उगवलेलं तण तेवढ्यात नत्र आणि ओल उचलतं. नंतर युरिया फेकला, पण गेलेले दिवस पोत्यात मिळत नाहीत.

३. पंधरा ते पंचेचाळीस.
पेरणीपासूनचे हे दिवस मी कॅलेंडरवर खडूनं आखतो. या काळात लग्नकार्य असलं तरी रान आधी. तिसऱ्या आठवड्यात कोळपं, मागोमाग ओळीतली खुरपणी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुसरी फेरी. १८ इंचांच्या दोन ओळींची पानं एकमेकांना भिडली की खाली उगवलेलं गवत सावलीतच खुरटतं.

४. ओल्यात केना सोडू नये.
कोळप्यानं केन्याचे तुकडे होतात आणि ओल्या मातीत पेरापेराला मुळं फुटतात. आई म्हणायची, "बांधावर नेऊन टाक रे, नाहीतर केन्याचीच पेरणी केलीस." खुरपणीला उन्हाची उघडीप शोधायची ती यासाठी.

५. औषधालाही मुहूर्त असतो.
ज्वारीतलं अॅट्राझीन पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, तण उगवण्याआधी, ओलीवर मारायचं. मी दिवस अगदी बरोबर साधला; विसरलो ती मधली तूर. ती उगवली आणि आठवड्यात पिवळी पडून बसली. तूर असेल तिथे आता कोळपं आणि खुरपंच.

६. टारफुला मात्र नियम मोडतो.
तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मातीखाली ज्वारीच्या मुळांना चिकटून त्याचं शोषण कधीच सुरू झालेलं असतं. त्या साली एवढंच करायचं, फुलाआधी उपटायचा. पुढच्या साली तिथे कापूस: कापसाच्या मुळांपाशी त्याचं बी उगवतं, पण पोसलं जात नाही.

७. उशिराच्या तणाचं बिल पुढच्या वर्षी येतं.
कणसं भरताना उगवलेला माठ या पिकाचं फार बिघडवत नाही, म्हणून मी तो सोडून द्यायचो. एक झाड हजारो बिया टाकतं. आता कापणीआधी विळा घेऊन एक फेरी मारतो. पुढच्या मृगातली हिरवी साय तेवढीच पातळ.