बोधचिन्हातील रेषा : चित्रकलेचा एक पाठ

भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. बहुसंख्य मतदारांना उमेदवाराचे नाव वाचता येणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र ठेवून तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. चिन्ह ओळखले, तरच मत इच्छिलेल्या पेटीत पडणार होते. थोड्याशा रेषांवर केवढी जबाबदारी येते, हे यावरून ध्यानात येईल. बोधचिन्ह मुख्यतः ओळखीसाठी असते, शोभा त्यामागून येते, हे सूत्र शिक्षकांनी या पाठात दृष्टीपुढे ठेवावे.

रेषांचा परिचय : प्रथम फळ्यावर चार प्रकारच्या रेषा काढाव्यात. आडवी रेषा स्थैर्य सुचविते, उभी रेषा ताठपणा, तिरपी रेषा गती आणि वक्र रेषा मार्दव. उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावीत. क्षितिज, ज्वारीचे ताट, वाऱ्याने कललेले झाड, घागरीचा काठ अशी उत्तरे मुले सहज देतील.

नमुना : यानंतर रुपयाचे चिन्ह दाखवावे. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. २०११ पासून ते नाण्यांवर आले असल्याने प्रत्यक्ष नाणे मुलांच्या हाती देता येईल. त्यात दोन समांतर आडव्या रेषा, एक वक्र रेषा व खाली उतरणारी एक तिरपी रेषा आहे. वरची रेषा देवनागरीची शिरोरेषा होय. रोमन ‘आर’ चा उभा दांडा येथे गाळला आहे. म्हणून ‘र’ आणि ‘आर’ ही दोन्ही अक्षरे एकाच आकृतीत दिसतात.

तत्त्वे : याच चिन्हावरून रचनेची तत्त्वे समजावून द्यावीत. सर्व रेषा मिळून एकच आकृती होते, ही एकता. वरच्या रुंद रेषांचा भार खालची तिरपी रेषा पेलते, हा तोल. दोन आडव्या रेषांमधील मोकळी जागा हाही रचनेचा भाग आहे; ती बुजली, तर चिन्ह बिघडते. रेषांची जाडी व परस्परांतील अंतर यांचा मेळ, हे प्रमाण.

कृती : विद्यार्थ्यांना शाळेतील पिण्याच्या पाण्याची जागा किंवा पुस्तकांचे कपाट यांसाठी पाटीवर चिन्ह काढण्यास सांगावे. चिन्ह पूर्ण झाल्यावर त्यातील एक रेषा पुसून पाहावी. अर्थ तरीही कळत असेल, तर ती रेषा अनावश्यक समजावी. कळत नसेल, तर ती पुन्हा काढावी. मग तेच चिन्ह नाण्याएवढे लहान काढवून घ्यावे.

परीक्षण : अक्षरओळख न झालेल्या पहिलीच्या मुलास वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभे करून चिन्ह दाखवावे. त्याने अर्थ सांगितला, तर चिन्ह उत्तम समजावे. गुण देताना हाताच्या सफाईपेक्षा या कसोटीस अधिक महत्त्व द्यावे. ज्यांस हुबेहूब चित्र काढता येत नाही, अशी मुलेही या पाठात पुष्कळदा पुढे येतात. शिक्षकांनी त्यांची पाटी वर्गास आवर्जून दाखवावी. निवडलेले चिन्ह त्या त्या जागी रंगवून लावले, म्हणजे या पाठाचा उपयोग शाळेस रोज होत राहील.