पैसे गेले की आले?

मंगळवारी आमच्या गावचा बाजार असतो. मागच्या बाजारी एका भाजीवाल्या मावशींपाशी गलका झाला. गिऱ्हाईक म्हणत होते, "माझे १८० रुपये कापले गेले." मावशी म्हणत होत्या, "माझी पेटी बोलली नाही." मावशींचा मोबाइल मुलाजवळ. त्यांची सारी भिस्त त्या बोलक्या पेटीवर. १८० रुपये म्हणजे मावशींची दिवसभराची मिळकत!

आम्ही मध्ये पडलो. गिऱ्हाइकाचा मोबाइल पाहिला. पडद्यावर शब्द होता – 'प्रलंबित'. म्हणजे लटकलेले. दोघेही खरेच बोलत होते!

यूपीआयने पैसे देण्याची रीत २०१६ साली निघाली. तीत पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. मध्येच अडले, की हा शब्द दिसतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. थांबा. आम्ही एकदा घाई केली आणि वाण्याला दुप्पट पैसे दिले.

रिझर्व्ह बँकेने २०१९ साली याचा नियम केला. पैसे कापले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावेत. दुकानदाराला दिले असतील, तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला, तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळावी.

आता हे दोन शब्द वाचा : यशस्वी. अयशस्वी. फरक एका 'अ'चा. यशस्वी म्हणजे पैसे पोचले. अयशस्वी म्हणजे नाही पोचले. घाईत डोळा 'अ' गाळतो, शिकलेल्यांचाही. म्हणून पहिल्या अक्षरावर बोट ठेवून वाचा.

पडद्यावर इंग्रजी असेल तर बिचकू नका. पुष्कळ अ‍ॅपांत 'सेटिंग'मध्ये मराठी निवडता येते. मात्र अ‍ॅप करणाऱ्यांवर आमचा राग आहे. बटणांच्या जागा ते सारख्या बदलतात. आज शिकवावे, उद्या बटण भलतीकडेच! कर्जाची जाहिरात ठळक, आणि शिल्लक कोठे तरी तळाशी. माणूस चुकतो, आणि वर स्वतःलाच अडाणी म्हणतो.

आणखी एक. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला, तर तो लबाड समजावा. फसलात, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

मावशींनी त्या दिवशी भाजी दिली. वहीत स्वतःच्या हाताने लिहिले : '१८० येणे'. खाली गिऱ्हाइकाचा नंबर. संध्याकाळी पाले आवरताना पेटी बोलली. मावशींनी वही काढली आणि ती ओळ खोडली.