हिवाळ्यात पिल्लांची ऊब : दोष कसा शोधावा?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे या पिकांना जोडधंदा म्हणून अनेक शेतकरी कुक्कुटपालन करतात. या भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. कालव्याकाठी किंवा उसाच्या फडालगत असलेल्या शेडमध्ये गारवा आणखी जाणवतो. याच दिवसांत, "बल्ब चालू होते, तरी पिल्ले गेली" अशी तक्रार ऐकू येते. बल्ब चालू असणे आणि पिल्लाला ऊब मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने कसे शोधावे याची माहिती या लेखात दिली आहे.

ऊब दोन बाजूंनी लागते

एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिले दोन आठवडे ते बाहेरच्या उबेवरच अवलंबून असते. ही ऊब त्याला वरून, म्हणजे ब्रुडरच्या बल्बमधून आणि हवेतून मिळते. तशीच खालून, म्हणजे गादीतून मिळते. वरून कितीही ऊब दिली आणि पायाखालचा कोबा गार असला, तर पायांवाटे व पोटावाटे उष्णता सतत निघून जाते. गारठलेले पिल्लू खात नाही, पोटातील बलक नीट जिरत नाही, गुदद्वाराशी विष्ठा चिकटते. पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. जी वाचतात त्यांची वाढ मागे पडते आणि विक्रीच्या वेळी वजने कमी-जास्त भरतात.

थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेतात आणि भिंतीलगत गरम पाण्याची लोखंडी पेटीही बसवतात. तेथेही अनुभव असा की, खोलीतील हवा लवकर तापते. पण फरशी तापायला बराच वेळ लागतो. आपल्या शेडमध्ये हेच घडते. हवा एक-दोन तासांत गरम होते, परंतु सिमेंटच्या कोब्याला पूर्ण दिवस लागतो. म्हणून पिल्ले येण्यापूर्वी निदान २४ तास ब्रुडर चालू करावा. कडाक्याच्या थंडीत ३६ ते ४८ तास आधी चालू केल्यास उत्तम.

तापमान कोठे मोजावे?

पुष्कळ ठिकाणी तापमापक खांबाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेला दिसतो. गरम हवा वर चढत असल्याने तेथील आकडा फसवा असतो. तापमापक ब्रुडरच्या कडेला, गादीपासून २ इंच उंचीवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या पातळीवर असावा. पहिल्या आठवड्यात तेथे ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेल्सिअस) तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटने कमी करावे. पिल्ले सोडताना गादीच्या पृष्ठभागाचे तापमान ८६ ते ९० अंश फॅरनहाइट (३० ते ३२ अंश सेल्सिअस) असावे.

पिल्ले काय सांगतात?

तापमापकापेक्षाही पिल्लांची हालचाल अधिक बोलकी असते. शेडमध्ये जाऊन पाच मिनिटे शांत उभे राहावे आणि पाहावे.

१) पिल्ले सर्वत्र सारखी पसरली आहेत, काही खात आहेत, काही निवांत पडली आहेत : ऊब योग्य आहे.
२) सर्व पिल्ले बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करीत आहेत : ऊब कमी आहे.
३) पिल्ले ब्रुडरपासून दूर, कडेला गेली आहेत, चोची उघडून धापा टाकीत आहेत : ऊब जास्त आहे.
४) पिल्ले एकाच बाजूला दाटली आहेत : दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे.
५) काही बल्बखाली धापा टाकीत आहेत आणि थोड्याच अंतरावर काही गोळा होऊन बसली आहेत : वरची ऊब आहे, खालची नाही.

पाचवी खूण फार महत्त्वाची आहे. अशा वेळी शेतकरी आणखी बल्ब लावतो. त्यामुळे बल्बखालची पिल्ले अधिक तापतात आणि बाकीची गारच राहतात. दोष गादीत असतो आणि खर्च विजेवर होतो.

तपासणीचा क्रम

खालील क्रमाने, एका वेळी एकच बदल करावा. बदल केल्यावर अर्धा ते एक तास थांबून पिल्लांकडे पुन्हा पाहावे. एकदम चार बदल केल्यास दोष कशात होता ते कळत नाही.

पाय : वेगवेगळ्या ठिकाणची दहा-बारा पिल्ले उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावावेत. पाय गार लागले तर प्रथम गादी तपासावी.

गादी : भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा किमान २ ते ३ इंच जाड पसरलेला असावा. आपल्या पश्चिम पट्ट्यात भात पिकत असल्याने तूस मिळण्यास अडचण नाही. मूठभर गादी दाबून सोडावी. ती मोकळी झाली तर कोरडी समजावी. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. ओला भाग काढून टाकून नवे कोरडे तूस घालावे. पाण्याची भांडी गळतात का, तेही त्याच वेळी पाहावे. पहाटे टाकीतील बर्फासारखे पाणी तसेच न देता कोमट करून द्यावे.

वारा : पेटती उदबत्ती पिल्लांच्या उंचीवर धरून कड्याभोवती फिरवावी. धूर जेथे आडवा वाहील तेथून झोत येतो. ती फट पोत्याने बुजवावी. ब्रुडरभोवती दीड फूट उंचीचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे असावे. कोपऱ्यात पिल्ले दाटतात, म्हणून चौकोनी कडे करू नये.

बल्ब : थंडीत दर पिल्लामागे २ वॅट धरावेत, २५० पिल्लांना १०० वॅटचे ५ बल्ब लागतात. हे बल्ब तारेचे, पिवळ्या उजेडाचे असावेत. एलईडी बल्ब उजेड भरपूर देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. जुना बल्ब गेल्यावर चुकून एलईडी लावला गेला आहे का, हे अवश्य पाहावे. तारेचे बल्ब न मिळाल्यास इन्फ्रारेड दिवे किंवा गॅस ब्रुडर वापरावा.

दाब : विजेचा दाब २३० ऐवजी १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर बल्बची उष्णता सुमारे दोन तृतीयांशच उरते. म्हणजे ५०० वॅटच्या जागी साधारण ३३५ वॅटच मिळतात. सायंकाळी बल्ब तांबूस दिसू लागले की ब्रुडर खाली घ्यावा किंवा जादा बल्ब लावावा.

पिल्ले सोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपावी. बहुतेक सर्वांची भरलेली व मऊ लागली, तर ऊब, खाद्य व पाणी ठीक आहे असे समजावे.

शेगडीचा धोका

वीज गेल्यावर कोळशाची शेगडी वापरली जाते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे मुळीच समजू नये. बंद शेडमध्ये पिल्ले सुस्त होऊन मरतात. माणसाचेही डोके दुखते आणि जीव जाऊ शकतो. शेगडी बाहेर पेटवून निखारे फुलल्यावरच आत आणावी, जमल्यास धुराडे असलेली बुखारी वापरावी आणि पडदे वरच्या बाजूने फूटभर उघडे ठेवावेत. यासाठी पडदा खाली पक्का बांधून वरून उघडता येईल असाच बसवावा. शेगडी असलेल्या शेडमध्ये कोणीही झोपू नये. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे. गादी ओली असल्याची ती खूण समजावी.

रात्रीची फेरी

ऊब कमी पडते ती पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान. परंतु आपल्या भागात उसात बिबट्याचा वावर असल्याने त्या वेळी एकट्याने शेडकडे जाणे धोक्याचे आहे. म्हणून गादी, फटी, बल्ब व विजेचा दाब यांची तपासणी दिवस मावळण्यापूर्वीच पूर्ण करावी. रात्री जावेच लागले तर दोघांनी, बॅटरी घेऊन, बोलत जावे. मेलेली पिल्ले उघड्यावर टाकू नयेत. त्यांना कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

वरील सर्व दुरुस्त्या करूनही मरतुक थांबली नाही, तर तो उबेचा दोष नसून रोग असू शकतो. अशा वेळी ताजी मेलेली पिल्ले घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावीत. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला घ्यावा. शेतकरी बंधूंनो, या हिवाळ्यात नवा बल्ब लावण्यापूर्वी एकदा वाकून गादीला हात लावून पाहा. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडेल.